एमडी-एमएसचा थिसिस: विषय निवडण्यापासून विद्यापीठात जमा करेपर्यंत

हा लेख महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयात नुकत्याच रुजू झालेल्या जेआर-वनसाठी, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरसाठी आहे. मी मेडिसिनमधून एमडी केलं, सरकारी कॉलेजातून. पहिल्या वर्षी थिसिसबद्दल जे काही कळतं ते इमर्जन्सीच्या रात्री, दोन ॲडमिशनच्या मधल्या वेळात, अर्धवट झोपेतल्या सिनिअरकडून कळतं, आणि त्याला ते तसंच कोणाकडून तरी कळलेलं असतं. मग काहीजण तिसऱ्या वर्षी अभ्यासाच्या सुट्टीत पेशंट शोधत फिरतात.

थिसिसचं भवितव्य लिहिताना ठरत नाही. तुम्ही कोणता प्रश्न निवडला आणि परवानग्या कोणत्या क्रमाने घेतल्या, यावर ते ठरतं. म्हणून खाली सुरुवातीच्या टप्प्यांवर जास्त बोललो आहे. लिखाणाच्या टप्प्यात फारसं काही अवघड नाही, फक्त कंटाळवाणं आहे.

१. कॅलेंडर समोर ठेवा

कोर्स ३६ महिन्यांचा. थिसिस परीक्षेच्या साधारण सहा महिने आधी जमा करावा लागतो आणि तो स्वीकारला गेल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे उरले ३०. विषय, सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा), एथिक्स कमिटी (संशोधनाला नैतिक मंजुरी देणारी समिती) यांत पहिले सहा महिने सहज जातात. उरले २४. जिल्हा रुग्णालयात डीआरपीचे (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्राम) तीन महिने. २१. विश्लेषण आणि लिखाणाला तीन. पेशंट गोळा करायला हातात राहिले १८ महिने, तेही काहीच अडलं नाही तर.

यात ऋतूही धरा. डेंग्यू, लेप्टो, सर्पदंश असा विषय घेतलात तर १८ महिन्यांत तुम्हाला एकच पूर्ण पावसाळा मिळू शकतो. नेमकी त्याच काळात डीआरपी लागली तर तुम्ही जिल्ह्याला आणि तुमचे पेशंट वॉर्डात. पावसाळी विषय हवा असेल तर डीआरपीचं वेळापत्रक विभागप्रमुखांना आधी विचारा.

२. विषय: आधी रजिस्टर, मग पबमेड

सगळे उलटं करतात. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत, एखादा छान पेपर वाचतात, त्यातला आजार आवडतो, आणि मग तो आजार आपल्या ओपीडीत वर्षाला चारच वेळा येतो हे कळतं. तुम्ही आधी एमआरडीत, म्हणजे रुग्णालयाच्या नोंदी ठेवणाऱ्या विभागात जा. तुमच्या युनिटच्या गेल्या वर्षभराच्या ॲडमिशन बघा, वॉर्डच्या सिस्टरकडचं रजिस्टर चाळा. ज्या निदानाचे पेशंट दर आठवड्याला येतात, त्यातच विषय शोधा. जितके पेशंट रजिस्टरमध्ये दिसतात त्यातले निम्मेच तुमच्या निकषात बसतील असं धरून चला. काहीजण डामा घेऊन (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध) घरी जातात, काहींचे रिपोर्ट अपुरे असतात, काही संमती देत नाहीत.

प्रश्न एका वाक्यात मांडता आला पाहिजे: कोणते पेशंट, काय मोजणार, कशाशी तुलना, कोणता परिणाम बघणार. "सेप्सिसमधील लॅक्टेटचा अभ्यास" हा प्रश्न नाही. "आयसीयूत दाखल झालेल्या प्रौढ सेप्सिस रुग्णांत पहिल्या सहा तासांतली लॅक्टेटची घट २८ दिवसांतल्या मृत्यूशी निगडित आहे का" हा प्रश्न आहे. पहिल्यावर गाइड मान डोलावतील, दुसऱ्यावर चर्चा करतील. तुम्हाला चर्चा हवी आहे.

प्रत्येक ब्रँचचे ठरलेले विषय असतात. भूलशास्त्र म्हटलं की स्पायनलमध्ये बुपिव्हाकेनला डेक्समेडेटोमिडीनची जोड. सर्जरीत डायबेटिक फूट, बालरोगात कमी वजनाची बाळं, ऑर्थोत फ्रॅक्चरच्या दोन इम्प्लांटची तुलना, नेत्ररोगात मोतिबिंदूच्या दोन पद्धती. यांना नाकं मुरडायचं कारण नाही, पेशंट मिळतात म्हणूनच ते ठरलेले आहेत. मात्र गेल्या बॅचच्या थिसिसमधलं फक्त साल बदलून घेऊ नका. जुन्या थिसिसच्या शेवटी 'मर्यादा' म्हणून जे लिहिलेलं असतं, तिथून तुमचा प्रश्न सुरू करा.

साध्या ठिकाणी, साध्या औषधाने मोठं काम होतं याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. महाडला डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं, आणि पुढे प्राझोसिनसोबत प्रतिविष दिल्यास आणखी फायदा होतो का, याची रँडमाइज्ड चाचणी केली. ती २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. प्रश्न कोकणातला, पेशंट कोकणातले, उत्तर जगाच्या उपयोगाचं.

गाइड निवडायचं स्वातंत्र्य असतंच असं नाही. असेल तर सर्वांत ज्येष्ठ नाव बघू नका. तुमच्या तीन वर्षांत ज्यांची बदली किंवा निवृत्ती नाही आणि जे ड्राफ्ट वाचून परत देतात, ते गाइड घ्या. गाइड बदलायला विद्यापीठाची परवानगी लागते आणि ती फाइल सावकाश चालते.

३. सॅम्पल साइज: पीएसएमच्या दारात आधी जा

कम्युनिटी मेडिसिन (पीएसएम) विभागातले स्टॅटिस्टिशियन हे या तीन वर्षांतले तुमचे सगळ्यात उपयोगी मित्र. बहुतेक जण त्यांच्याकडे मास्टर चार्ट (सगळ्या पेशंटच्या नोंदींचा तक्ता) भरल्यावर जातात. तोवर उशीर झालेला असतो.

एक हिशेब बघा. आधीच्या अभ्यासानुसार एखादी गुंतागुंत ३० टक्के रुग्णांत होते. ९५ टक्के विश्वासपातळीला तुमचं उत्तर १० टक्के इकडेतिकडे चालणार असेल तर ८१ रुग्ण लागतात. ५ टक्केच चालणार असेल तर ३२३. आणि '१० टक्के' म्हणताना कोणी ३० चे १० टक्के, म्हणजे ३, असं धरलं तर ८९७. सूत्र तेच, आकडा अकरा पट. सिनॉप्सिसमध्ये 'ॲबसोल्यूट' की 'रिलेटिव्ह' हे लिहायचं राहिलं की एथिक्स कमिटीत पहिला प्रश्न इथेच येतो. निघालेल्या आकड्यात गळती धरून आणखी थोडे मिळवा. ८१ असतील तर ९० धरा.

तुलनेच्या अभ्यासात सगळा खेळ अपेक्षित फरकाचा असतो. बावस्करांच्या चाचणीत ७० रुग्ण पुरले, कारण १० तासांत पूर्ण बरे झाले ते प्रतिविषाच्या गटात ३५ पैकी ३२ आणि फक्त प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८. दुसरीकडे टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांची चाचणी घ्या. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती ०.५ टक्के लिग्नोकेन टोचायचं, एवढीच कृती. त्यात पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ९०.१ विरुद्ध ८६.४ टक्के असं आलं. हा फरक दिसायला अनेक केंद्रांतल्या १६०० स्त्रिया आणि एका दशकाहून जास्त काळ लागला. लिग्नोकेन तुमच्याही ओटीत आहे, पण १६०० रुग्ण आणि दहा वर्षं तुमच्याकडे नाहीत. तुमच्या १८ महिन्यांत जेवढा फरक दिसू शकेल तेवढ्याच फरकाचा प्रश्न घ्या.

गणितासाठी ओपन-एपी आणि जी-पॉवर ही साधनं फुकट आहेत. आकडा टाकण्याआधी तो कोणत्या पेपरातून घेतला ते लिहून ठेवा, मौखिकीत हेच विचारतात.

४. सिनॉप्सिस

यावर फार लिहित नाही. विद्यापीठाचा नमुना असतो, आपल्याकडे तो नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळतो. अभिमत विद्यापीठांचा आपापला. एकच सांगतो: उद्दिष्टं दोन किंवा तीन ठेवा. सिनॉप्सिसमध्ये उत्साहाने लिहिलेली सहावी आणि सातवी उद्दिष्टं थिसिसच्या निष्कर्षात कुठे आहेत, हे परीक्षक बोट ठेवून विचारतात.

५. एथिक्स कमिटी

इथे घाबरायचं काही नाही, पण हलक्यातही घेऊ नका. नियमांचा पाया म्हणजे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आणि नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्यांचे २०१९चे नियम. कमिटीत डॉक्टर असतात, तसेच कायद्याचे जाणकार आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरची सामान्य व्यक्तीही असते. अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात. त्यामुळे "सर समजून घेतील" हा भरवसा चालत नाही. ते बाहेरचे सदस्यच अचूक प्रश्न विचारतात: "या पेशंटला यातून काय मिळणार? आणि पैसे कोण भरणार?"

सोबत न्यायची कागदपत्रं:

- कमिटीचा भरलेला अर्ज आणि गाइड व विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र
- पूर्ण प्रोटोकॉल, सॅम्पल साइजच्या हिशेबासह
- केस रेकॉर्ड प्रोफॉर्मा (प्रत्येक पेशंटची माहिती भरायचा फॉर्म)
- रुग्ण माहितीपत्रक आणि संमतीपत्र, इंग्रजी, मराठी आणि हिंदीत
- लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी वेगळं संमतीपत्र
- तुमचा आणि गाइडचा बायोडेटा, जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस) प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र
- खर्चाचा तपशील आणि तो कोण करणार याचं लेखी उत्तर
- दुसऱ्या विभागाची मदत लागणार असेल, उदाहरणार्थ रेडिओलॉजी किंवा बायोकेमिस्ट्री, तर त्यांचं ना-हरकत पत्र

खर्चाच्या मुद्द्यावर अर्ज सगळ्यात जास्त अडतात. केवळ तुमच्या संशोधनासाठी होणारी तपासणी रुग्णाच्या खिशातून करता येत नाही. नेहमीच्या उपचारात प्रोकॅल्सिटोनिन किंवा व्हिटॅमिन डी होत नसेल आणि तुम्हाला ते हवं असेल, तर किटचे पैसे कुठून येणार ते आधी ठरवा. जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये ते बसवून टाकू असं कोणी सुचवलं तर तिथेच नाही म्हणा. ती रक्कम रुग्णाच्या उपचारासाठी आहे. पैसे नसतील तर जी तपासणी तशीही होते तिच्यावर प्रश्न बेता.

माहितीपत्रकाची मराठी आवृत्ती वॉर्डातल्या मावशींना किंवा मामांना मोठ्याने वाचायला द्या. जिथे ते अडखळतील ते वाक्य बदला. कमिटीतल्या सामान्य सदस्यालाही नेमकं तेच वाक्य खटकणार असतं.

मान्यताप्राप्त औषध वेगळ्या मार्गाने, वेगळ्या डोसने किंवा वेगळ्या आजारासाठी वापरणार असाल तर ती 'ॲकॅडेमिक क्लिनिकल ट्रायल' ठरू शकते. विक्रीच्या परवानगीसाठी त्या माहितीचा वापर होणार नसेल तर २०१९च्या नियमांनुसार औषध महानियंत्रकांची वेगळी परवानगी लागत नाही, पण एथिक्स कमिटीची मंजुरी हवीच. भूलशास्त्रवाल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

कमिटीने दुरुस्त्या सुचवल्या तर त्या कागदावर मुद्देवार उत्तरांसह द्या. 'तत्त्वतः मान्य' असं तोंडी कळलं म्हणून पेशंट घ्यायला सुरुवात करू नका. पत्रावर तारीख पडते, आणि ती तारीख पुढे सगळीकडे तपासली जाते.

६. सीटीआरआय नोंदणी

क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया २००७ पासून आहे. आयसीएमआर ती चालवते, नोंदणी मोफत आहे. १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला पेशंट घेण्याआधीच नोंदणी करावी लागते, मागाहून होत नाही. औषध, शस्त्रक्रिया, व्यायाम, आहार अशी काहीही उपाययोजना तुम्ही रुग्णाला देणार असाल तर नोंदणी हवीच. नुसत्या निरीक्षणाचा अभ्यास असेल तर तुमच्या कमिटीचा दंडक पाळा. बऱ्याच ठिकाणी सरसकट मागतात, आणि करून ठेवलेली बरी.

फॉर्ममध्ये 'पदव्युत्तर प्रबंध आहे का' असा रकाना आहे, तिथे हो म्हणा. एथिक्स कमिटीचं पत्र अपलोड करावं लागतं, म्हणून क्रम पक्का: कमिटी, मग सीटीआरआय, मग पहिला पेशंट.

आता सापळा. फॉर्म भरला की 'आरईएफ'ने सुरू होणारा एक क्रमांक मिळतो. ती पोच आहे, नोंदणी नव्हे. त्यानंतर तिकडून शंका येतात, त्यांची उत्तरं द्यावी लागतात, आणि मग 'सीटीआरआय'ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. मधल्या काळात ईमेल बघायचा राहिला तर फाइल तशीच पडून राहते. पहिल्या पेशंटची अपेक्षित तारीख टाकताना महिनाभर पुढची टाका.

७. पेशंट आणि संमती

तुमच्या मॉर्निंग राउंडमध्ये घाईत सही घेतली तर ती संमती नाही. आपल्या रुग्णालयात येणारा माणूस डॉक्टरला सहसा नाही म्हणत नाही. नाही म्हटलं तर उपचारात हयगय होईल अशी त्याला धास्ती असते. म्हणून पहिलं वाक्य हेच ठेवा: "तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचे उपचार असेच चालू राहतील." शक्य असेल तर संमती दुसऱ्या युनिटच्या रेसिडेंटला घ्यायला सांगा.

- वाचता न येणाऱ्या रुग्णाचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार हवा. तो तुमच्या संशोधनातला नसावा. शेजारच्या कॉटवरच्या पेशंटचा नातेवाईक चालतो, तुमचा इंटर्न नाही.
- ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी संमती आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाची लेखी संमती, दोन्ही वेळा पालकांच्या सहीसोबत.
- बेशुद्ध रुग्णासाठी कायदेशीर प्रतिनिधी. रुग्ण शुद्धीवर आला की त्याला पुन्हा विचारा.
- संमतीपत्राची एक प्रत रुग्णाला द्या. हे जवळपास कोणी करत नाही आणि तपासणीत पहिलं हेच निघतं.
- गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार भागातल्या कॉलेजांत गोंडी, कोरकू, पावरी बोलणारे पेशंट येतात. मराठी संमतीपत्र पुढे करून उपयोग नाही, दुभाषा शोधा आणि त्याचं नाव कागदावर नोंदवा.

चाचणीदरम्यान गंभीर दुष्परिणाम झाला, मृत्यू झाला किंवा ॲडमिशन लांबली, तर २४ तासांच्या आत एथिक्स कमिटीला कळवायचं असतं. तो तुमच्या औषधामुळे झाला की नाही हे नंतर ठरतं. कळवणं आधी.

प्रोफॉर्मा त्याच दिवशी भरा. "इनडोअर पेपर आहे की, नंतर भरू" असं म्हणता म्हणता पेपर एमआरडीत जातो, आणि तिथून परत काढणं म्हणजे पंढरीच्या रांगेत उभं राहणं.

आता एक कटू गोष्ट. आकडे मनाने भरण्याचा मोह शेवटच्या तीन महिन्यांत होतो, आणि आजूबाजूला कोणी ना कोणी तसं करतानाही दिसतं. परीक्षकाला ते दिसतं. सगळ्यांचं बीपी १२०, १३०, १४० असं शून्यावर संपणारं, वयांची वाटणी फार नीटनेटकी, एकही नोंद गहाळ नाही. खऱ्या वॉर्डातून आलेला मास्टर चार्ट असा दिसत नाही. ९० ऐवजी ७४ पेशंट झाले तर ७४ लिहा, कारण लिहा, कमिटीला कळवा. थिसिस त्यामुळे नापास होत नाही. खोट्या आकड्यावर उद्या कोणी डोस ठरवला तर तो कुठल्यातरी माणसाच्या शिरेत जाणार आहे.

८. मास्टर चार्ट आणि विश्लेषण

एक्सेलमध्ये एक पेशंट, एक ओळ. सेल मर्ज करू नका, रंगाने अर्थ दाखवू नका, एका रकान्यात '१४०/९०' लिहू नका. सिस्टॉलिक वेगळा, डायस्टॉलिक वेगळा. पुरुष १, स्त्री २ असे कोड ठरवा आणि कोडांची यादी दुसऱ्या शीटवर ठेवा. नाव, फोन, आयपीडी नंबर चार्टमध्ये नको. क्रमांक आणि नावाची जोडणी दाखवणारी यादी वेगळी, कुलपात. एचआयव्हीचा विषय असेल तर गोपनीयता २०१७च्या कायद्यानेही बंधनकारक आहे. चार्टचा फोटो बॅचच्या ग्रुपवर टाकू नका.

पहिले दहा पेशंट झाले की चार्ट घेऊन स्टॅटिस्टिशियनकडे जा. रकाना चुकला असेल तर तेव्हाच कळेल. विश्लेषणासाठी जमोवी आणि एपी-इन्फो फुकट आहेत. बाहेर पैसे देऊन विश्लेषण करून मिळतं, पण कोणती टेस्ट का लावली हे तुम्हाला सांगता आलं नाही तर मौखिकीत तो पैसा उलटतो.

९. लिखाण आणि जमा करणं

साहित्याचा आढावा पहिल्याच वर्षी लिहून टाका, ओपीडीच्या दिवसांत रोज अर्धं पान. संदर्भ झोटेरो या सॉफ्टवेअरमध्ये साठवा. पन्नास संदर्भ हाताने पुन्हा क्रमांकित करण्यात एक रविवार जातो. चॅटबॉटकडून संदर्भ घेतले तर प्रत्येक संदर्भ पबमेडवर उघडून बघा. अस्तित्वात नसलेले पेपर ते बिनदिक्कत देतात.

वाङ्मयचौर्याची तपासणी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही. तुमचं विद्यापीठ काय मागतं ते त्या वर्षीच्या परिपत्रकात बघा. 'मटेरियल अँड मेथड्स'मध्ये साधर्म्य वाढतंच, म्हणून तो भाग जुन्या थिसिसमधून उचलू नका.

थिसिसबरोबरच या गोष्टीही पुऱ्या असल्या पाहिजेत, त्यांची आठवण ऐनवेळी होते: संशोधन पद्धतीचा ऑनलाइन कोर्स, जो चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था घेते आणि ज्याची परीक्षा पहिल्या वर्षातच उरकलेली बरी, एथिक्स व जीसीपीचं प्रशिक्षण, आणि परिषदेतलं पोस्टर किंवा पेपर वाचन, किंवा प्रसिद्ध झालेला शोधनिबंध. "४८ तासांत स्वीकृती" असा मेसेज पाठवणाऱ्या जर्नलला पैसे देऊ नका. जर्नल पबमेड किंवा डीओएजेवर (ओपन ॲक्सेस जर्नलांची सूची) सापडतं का ते बघा.

लेखकांच्या नावांचा क्रम पेपर लिहायला बसण्याआधी गाइडशी बोलून घ्या. अवघडल्यासारखं वाटतं, तरी बोला. थिसिस जमा झाल्यावर संमतीपत्रं, प्रोफॉर्मा आणि एथिक्स कमिटीचं मूळ पत्र विभागात गाइडच्या ताब्यात द्या आणि दिल्याची पोच घ्या. किमान तीन वर्षं ती जपावी लागतात, आणि तुम्ही तोवर बॉण्डवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेत, दुसऱ्या जिल्ह्यात असाल.